डावा हात स्वरांचा

इन्स्क्रिप्ट या कळफलकावर मराठी टाइप करणाऱ्या कुणालाही विचारा, 'क' कुठे असतो? तोंडाने सांगता येणार नाही. उजवा हात हवेत धरून मधलं बोट हलवून दाखवतील. 'त' विचारला तर अनामिका हलेल, 'च' विचारला तर करंगळी. मग पहिली वेलांटी विचारा. आता डावा हात वर येईल.

ही वाटणी विचार करून केलेली आहे. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी हा कळफलक ठरवला आणि १९९१ मध्ये तो आयएस १३१९४ या भारतीय मानकात आला. जवळजवळ सगळे स्वर आणि त्यांच्या मात्रा डावीकडे, बहुतेक व्यंजनं उजवीकडे. एका कळेवर 'ग', तिलाच शिफ्ट लावली की 'घ'. तसंच क-ख, त-थ, द-ध, प-फ, ब-भ. बाराखडी पाठ असलेल्या माणसाला निम्मा कळफलक शिकण्याआधीच येत असतो.

शिवाय तो एकट्या मराठीचा नाही. मिरजेच्या पुढे म्हैसाळ ओलांडलं की कागवाड, म्हणजे कर्नाटक. आमच्याबरोबर भाषांतराचं काम करणारी एक मैत्रीण अथणीची आहे. ती कन्नड टाइप करते, मी मराठी. एकदा शेजारी शेजारी बसून दोघींनी 'कागद' लिहिलं. कन्नडमध्येही तो कागदच. तिच्या पडद्यावर कन्नड उमटलं, माझ्या पडद्यावर देवनागरी, आणि दोघींची बोटं त्याच चार जागांवरून त्याच क्रमाने गेली. मला कन्नड वाचता येत नाही, पण माझ्या बोटांना ते लिहिता येतं, हे कळल्यावर आम्ही दोघी बराच वेळ हसत होतो.

आता या मांडणीची खरी गंमत. आपलं अक्षर म्हणजे व्यंजन आणि त्याला लागलेली मात्रा. 'काकी', 'पाटी', 'दोरी' लिहून बघा: उजवा, डावा, उजवा, डावा. एक हात कळ दाबत असतो तेव्हा दुसरा पुढच्या कळेवर पोचलेला असतो. टायपिंगचा वेग म्हणतात तो बराचसा यातच असतो. बोट किती चपळ आहे यापेक्षा पुढचं बोट आधीच तयार आहे का, याला जास्त किंमत.

खोट नाही असं नाही. म, न आणि व ही तीन अक्षरं डाव्या हाताच्या खालच्या ओळीत जाऊन बसली आहेत. त्यामुळे 'विमान', 'नवीन', 'मानव', 'नमुना' हे शब्द पूर्णपणे डाव्या हाताने लिहावे लागतात आणि उजवा हात तोवर मोकळा बसतो. मराठीत 'न' किती येतो हे सांगायला नकोच. नाही, नको, नव्हतं, म्हणून, मानून. आपल्याकडचा नकार सगळा डाव्या तर्जनीवर.

माझं काम दोन भाषांतलं. सांगली जिल्ह्यात साखर कारखाने, सहकारी बँका, पतसंस्था आणि द्राक्ष बागायतदार यांना मराठी-इंग्रजी कागदपत्रांची ददात नाही. वार्षिक अहवाल मराठीत, त्याचा सारांश इंग्रजीत. बेदाण्याच्या मालाचं वर्णन इंग्रजीत, शेतकऱ्याशी करार मराठीत. दर चार ओळींनी भाषा बदलते. मराठीला इन्स्क्रिप्ट आणि इंग्रजीला नेहमीची क्वर्टी, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मराठीतून इंग्रजीत गेलं की मला प्रत्येक वेळी क्षणभर अडखळायला होई. कारण साधं आहे. मराठीत हाताला शिस्त आहे, इंग्रजीत नाही. क्वर्टीत 'ए' डाव्या करंगळीखाली, 'ई' डाव्या बाजूला वर, आणि 'आय', 'ओ', 'यू' हे तिघे उजव्या हाताला वरच्या ओळीत. स्वर असे विखुरलेले की घरात कुणी कुठे बसायचं हे ठरलेलंच नाही.

ही मांडणी मिलवॉकीच्या ख्रिस्तोफर शोल्स यांची. वर्तमानपत्राच्या धंद्यातला माणूस. त्यांचं यंत्र रेमिंग्टन या बंदुका बनवणाऱ्या कंपनीने १८७४ मध्ये बाजारात आणलं. टायपिस्टचा वेग मुद्दाम कमी करायला क्वर्टी काढली, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. मला त्या वादात पडायचं नाही. टाइपरायटरच्या दांड्या एकमेकींत अडकत, आणि आज माझ्या टेबलावर दांड्याच नाहीत, एवढं मला पुरे.

पर्याय नव्हते असं नाही. ऑगस्ट ड्वोरॅक हे सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांनी आणि त्यांचे मेव्हणे विल्यम डीली यांनी इंग्रजीत कुठलं अक्षर किती येतं, कुठल्या अक्षराशेजारी कुठलं येतं हे मोजून नवी मांडणी केली आणि १९३६ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. क्वर्टीत इंग्रजी लिहिताना मधल्या ओळीवर साधारण ३२ टक्के काम होतं, ड्वोरॅकमध्ये सुमारे ७० टक्के. पुढे २००६ मध्ये शाय कोलमन यांची कोलमॅक आली. तिने क्वर्टीतल्या बऱ्याच कळा जागच्या जागी ठेवल्या, कॉपी-पेस्टच्या झेड-एक्स-सी-व्हीला हात लावला नाही. आज नव्याने शिकणारे बरेच जण तिच्याकडेच जातात, आणि नुसत्या इंग्रजीत काम करणाऱ्यांनी जावंही.

मी मात्र ड्वोरॅकचा नकाशा पाहिला आणि तिथेच थांबले. डाव्या हाताची मधली ओळ: ए, ओ, ई, यू, आय. पाचही स्वर, एका रांगेत, डाव्या हाताखाली. अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी इंग्रजीची आकडेमोड करून जे केलं, तेच पन्नास वर्षांनी दिल्लीत ब्राह्मी कुळातल्या लिप्यांकडे बघून झालं. इंग्रजीतही स्वर आणि व्यंजनं साधारण आळीपाळीने येतात, म्हणून त्यांना एका हाताला एक वाटून द्यावंसं वाटलं. आपल्याकडे तर लिपीच तशी बांधलेली.

म्हणजे इंग्रजीलाही डावा हात स्वरांचा करता येणार होता. पण नुसती ड्वोरॅक घेऊन भागेना. तपशिलात दोन मांडण्या एकमेकींना छेद देतात. क्वर्टीत जिथे 'एफ' असतो त्या जागी, म्हणजे डाव्या तर्जनीच्या मुक्कामी, इन्स्क्रिप्टमध्ये पहिली वेलांटी आहे आणि तिच्या शेजारी 'जी'च्या जागी पहिला उकार. ड्वोरॅकमध्ये नेमकं उलट: तर्जनीखाली 'यू', शेजारी 'आय'. दिवसभर मराठी इकार मारणारं बोट इंग्रजीत 'आय' लिहायला जातं आणि 'यू' उमटतो. ही उलटापालट मराठी हाताला जितकी जाचते तितकी ती इंग्रजीच्याही सोयीची नाही. इंग्रजीत 'आय' साधारण ७ टक्के येतो, 'यू' ३ टक्क्यांच्याही आत. जास्त येणाऱ्या अक्षरासाठी बोट बाजूला सरकवायचं आणि कमी येणारं बोटाखाली ठेवायचं, हा ड्वोरॅकवरचा जुना आक्षेप आहे. तेव्हा या दोघांची अदलाबदल करायला मला कुणाची परवानगी लागली नाही.

एक अदलाबदल केली की पुढची दिसायला लागते. इन्स्क्रिप्टच्या डाव्या मधल्या ओळीवर शिफ्ट धरून क्रमाने काय येतं? ओ, ए, अ, इ, उ. मी इंग्रजीची ओळ तशीच लावली: करंगळीखाली 'ओ', अनामिकेखाली 'ई', मधल्या बोटाखाली 'ए', तर्जनीला 'आय' आणि 'यू'. मराठीत ज्या बोटाने एकार, त्याच बोटाने इंग्रजीतला 'ई'. ज्याने ओकार, त्याने 'ओ'. ज्या कळेवर शिफ्ट लावून 'अ' निघतो, तिथेच इंग्रजी 'ए'. इंग्रजीत सगळ्यांत जास्त येणारा 'ई' मधल्या बोटावरून अनामिकेवर गेला. एखाद्या काटेकोर माणसाला हे पटणार नाही. त्याच्याशी मी वाद घालत नाही. तो कवठेमहांकाळचा करार टाइप करत नाही.

व्यंजनांच्या बाबतीत असलं काही केलं नाही. करून पाहण्याचा मोह झाला, पण इंग्रजी 'टी' हा आपला 'त' धरायचा की 'ट', इथूनच भांडण सुरू होतं. उजवा हात ड्वोरॅकचा राहू दिला: डी, एच, टी, एन, एस.

वेग वाढला का, हे सगळे पहिल्यांदा विचारतात. ड्वोरॅकच्या वेगाबद्दल अमेरिकेत मोठमोठे दावे झाले आणि १९५६ मध्ये तिथल्या सरकारी खात्यासाठी अर्ल स्ट्राँग यांनी घेतलेल्या चाचणीत, क्वर्टीवर तयार झालेल्या टायपिस्टांना नव्याने शिकवण्याचा खर्च निघत नाही, असं दिसलं. मला ते अगदी पटतं. मी वेगासाठी काही केलं नव्हतं. एका भाषेतून दुसरीत जाताना अडखळणं थांबावं, एवढाच हेतू होता, आणि ते थांबलं.

आता हे बसवायचं कुठे? इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. कीबोर्डला अक्षरं कळतच नाहीत. आपण 'क'ची कळ दाबतो तेव्हा कीबोर्ड संगणकाला फक्त जागा कळवतो: अमुक ठिकाणची कळ दाबली, अमुक ठिकाणची सोडली. त्या जागेचा 'क' करायचा की 'टी', हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. त्यामुळे बदल दोन ठिकाणी करता येतो. संगणकातला नकाशा बदला, किंवा कीबोर्डच्या चिपमधला प्रोग्राम बदलून त्याला जागाच वेगळ्या सांगायला लावा. हल्ली दुसऱ्या मार्गाची चलती आहे, कारण क्यूएमकेसारखे मुक्त प्रोग्राम त्यासाठी तयार मिळतात आणि कीबोर्ड कुठेही नेला तरी मांडणी बरोबर येते.

दोन भाषांत काम करणाऱ्याला मात्र हा मार्ग नडतो. कीबोर्डनेच 'ए'ची जागा 'एस'ची म्हणून सांगितली, तर पलीकडे इन्स्क्रिप्ट बसलेला असतो, त्याला काय ठाऊक! तो ओकाराच्या जागी एकार देतो. म्हणजे इंग्रजी सुधारली आणि मराठी मोडली. यावर उपाय म्हणून कीबोर्डात दोन थर करतात, मराठीला एक आणि इंग्रजीला दुसरा. पण मग संगणकाची भाषा आणि कीबोर्डाचा थर यांची चुकामूक झाली की पडद्यावर जे उमटतं ते कुठल्याच भाषेत नसतं. म्हणून मी अक्षरांचा सगळा कारभार संगणकात ठेवला. लिनक्समध्ये कळफलकाचे नकाशे साध्या मजकुराच्या फाइलींत असतात, एका कळेची एक ओळ. पाच-सहा ओळी बदलल्या की काम झालं. विंडोजवाल्यांसाठी मायक्रोसॉफ्टचं कळफलक बनवायचं साधन फुकट मिळतं.

मग कीबोर्डात काय उरलं? शिफ्ट उरली. आणि खरं दुखणं तिथेच होतं.

कारखान्याच्या अहवालातले हमखास शब्द घ्या: ऊस, उतारा, अहवाल, आर्थिक, एकूण, आणि, आहे. प्रत्येकाच्या सुरुवातीला स्वर, आणि इन्स्क्रिप्टमध्ये पूर्ण स्वर म्हणजे शिफ्ट. स्वर डाव्या हाताला, म्हणून शिफ्ट धरायची उजव्या करंगळीने. तिच्या वाट्याला आधीच च, ट, ज, ड आणि य. शरीरातलं सगळ्यांत अशक्त बोट, आणि सगळ्यांत जास्त राबणूक त्याची.

त्यात भर 'ळ'ची. 'ळ' सगळ्या भारतीय भाषांत सारखा येत नाही, म्हणून 'ल'च्या कळेवर शिफ्ट धरून त्याची सोय केली. सामायिक कळफलकात ते रास्तही आहे. पण आमच्या जिल्ह्याच्या दहा तालुक्यांतले वाळवा, शिराळा आणि कवठेमहांकाळ हे तीन 'ळ'शिवाय लिहिता येत नाहीत. सांगलीचा बाजार हळदीचा. आणि 'गुऱ्हाळ' शब्द तर बघाच: ग, उकार, मग शिफ्ट धरून नुक्त्याचा 'ऱ', मग पायमोड, मग ह, काना, पुन्हा शिफ्ट धरून 'ळ'. सात कळा आणि दोन शिफ्ट. दऱ्याखोऱ्या, वाऱ्यावर, शेतकऱ्यांना, गोऱ्हा, सगळीकडे हाच रस्ता. शेतकऱ्याचा उल्लेख नाही असं माझ्याकडे एकही कागदपत्र येत नाही.

दरम्यान दोन्ही अंगठे काय करतात? दोघे मिळून एक स्पेसबार दाबतात. हातातली सगळ्यांत दणकट बोटं दोन, आणि दोघांना मिळून काम एक. जपानमध्ये फुजित्सू कंपनीने १९८० मध्येच हे ओळखून अंगठ्याच्या शिफ्टचा कळफलक काढला होता, कारण जपानी 'काना' लिपीतली अक्षरं रोमनपेक्षा कितीतरी जास्त. आपल्या अडचणीला जपानी अडचण जवळची आहे, इंग्रजी नाही.

तेव्हा स्पेसबार काढून टाकायचा आणि त्या जागी साध्या मापाच्या सहा कळा, तीन-तीन दोन्ही अंगठ्यांना, असं ठरवलं. तयार कीबोर्डात असं सहजासहजी मिळत नाही. मिळतं ते परदेशी आणि महाग. म्हणून पट्टीपासून सुरुवात केली.

कुपवाड एमआयडीसीत लेझर कटिंगची कामं होतात. बहुतेक शेती अवजारांची आणि पत्र्याच्या पेट्यांची. दीड मिलिमीटर जाडीचा स्टीलचा पत्रा आणि त्यात चौदा बाय चौदा मिलिमीटरची चौकोनी भोकं, दोन भोकांच्या मध्यात १९.०५ मिलिमीटर, अशी फाइल मी पेनड्राइव्हवर नेली होती. कारखान्यातल्या कारागिराने पडद्यावर ती मोठी करून पाहिली.

"मॅडम, चाळणीला एवढी बारीक मापं कशाला ओ?"

म्हटलं, कीबोर्डची पट्टी आहे. प्रत्येक भोकात एक बटण बसणार. बाजूच्या खाचा पत्र्याला धरून ठेवतात, म्हणून जाडी दीडच हवी आणि भोक चौदाच.

त्याने मान हलवली. "बीम बी जागा खातंय की. तुम्ही चौदा काढलाय, त्ये चौदाच्या वर जाणार. मग बटण लुडबुडणार." आणि मला काही सांगायच्या आत त्याने भंगारातला पत्र्याचा तुकडा लावला, तीन वेगवेगळ्या मापांची तीन भोकं मारली आणि हात पुढे केला. "आणलाय का बटण?" बटण आणलं होतं. पहिल्या भोकात ते नुसतंच पडलं. दुसऱ्यात जरा हललं. तिसऱ्यात अंगठ्याने दाबल्यावर टक् असा आवाज होऊन बसलं आणि उलटं धरून हापटलं तरी निघेना. "हेच माप," तो म्हणाला, आणि माझी सगळी फाइल त्या हिशोबाने बारीक करून घेतली. कागदावर चौदा असलं तरी मशीनला किती सांगायचं, ते तो यंत्राच्या स्वभावावरून जाणतो.

पुढचं काम किचकट, पण सांगण्यासारखं नाही. प्रत्येक कळेमागे एक छोटा डायोड, सगळ्यांची काळी रेघ एकाच दिशेला, मग आडव्या-उभ्या तारा, मध्ये एक चिप. संध्याकाळी टीव्ही चालू ठेवून शेंगा सोलतात तसं होतं ते.

टोप्यांनी मात्र डोकं खाल्लं. कीबोर्डच्या कळांवरच्या टोप्या ओळीप्रमाणे कमी-जास्त उंचीच्या आणि वेगवेगळ्या उताराच्या असतात. अक्षरांच्या जागा बदलल्या की वरच्या ओळीची टोपी खाली येते आणि दात पुढे आल्यागत दिसते. त्यातून 'एफ' आणि 'जे'वर जे बारीक उंचवटे असतात, ज्यांच्या जिवावर आपण न बघता बोटं ठेवतो, ते उंचवटेही 'एफ'-'जे'बरोबर भलतीकडे जातात. शेवटी सगळ्या ओळींना सारख्या उंचीच्या, कोऱ्या टोप्या घेतल्या. देवनागरीचे स्टिकर मिळतात, ते लावले नाहीत. बघून टाइप करायचं नसेल तर लिहून काय उपयोग? उंचवट्यासाठी दोन टोप्यांवर पारदर्शक गोंदाचा एकेक थेंब.

आता डाव्या अंगठ्याखाली शिफ्ट आहे, पण धरून ठेवायची नाही. एकदा टिचकी मारली की फक्त पुढच्या कळेला लागू होते. 'आहे' लिहिताना अंगठा, आ, ह, ए. करंगळी सुटली. उजव्या अंगठ्याला स्पेस, त्याच्या शेजारी 'ळ'ची स्वतंत्र कळ, आणि डाव्या अंगठ्याला शिफ्टच्या पलीकडे 'ऱ्'ची, म्हणजे नुक्त्याचा 'ऱ' आणि पायमोड एका दाबात. इथेही कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, जागांची जोडीच पाठवतो. त्यामुळे संगणक इंग्रजीत असताना 'ळ'ची कळ दाबली गेली तर मोठा 'बी' येतो, आणि 'ऱ्'ची दाबली तर मोठा 'एच' आणि पुढे 'ए'. इंग्रजी करारात मध्येच 'हा' असं हसू उमटतं. एका बँकेच्या मसुद्यात ते राहूनही गेलं असतं.

'ॲ'ची कथा वेगळी. दिसायला एकच असला तरी युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिला जातो: 'अ'वर चंद्र ठेवून, किंवा २००८ मध्ये युनिकोडमध्ये दाखल झालेलं स्वतंत्र 'ॲ' हे अक्षर वापरून. डोळ्याला फरक कळत नाही, पण संगणकाला कळतो. एका फाइलीत 'ॲडव्हान्स' शोधायला जावं आणि निम्मे ॲडव्हान्स सापडूच नयेत. मी माझ्या नकाशात एका ओळीने स्वतंत्र 'ॲ'ची सोय करून घेतली. ज्याच्या हाताखाली मराठी मजकूर जातो त्याने निदान एवढं तरी करावं.

आमचे टायपिंगचे सर एकदा घरी आले होते. गावभागात त्यांचा क्लास होता आणि दहावीनंतरच्या सुट्टीत आमची अख्खी पिढी तिथे खटखट करून गेली. तिथली यंत्रं गोदरेजची. गोदरेजने १९५५ मध्ये भारतातला पहिला टाइपरायटर काढला, आणि पुढे ही यंत्रं आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, शिरवळला तयार होत. २००९ मध्ये ते काम थांबलं. जाता-येता शिरवळवरून गाडी गेली की सर अजूनही त्या बाजूला बघतात, असं त्यांच्या मुलाने सांगितलं होतं.

सरांनी माझा कीबोर्ड पुढे ओढला, पाठ ताठ केली, मनगटं उचलली. मी इन्स्क्रिप्टच्या जागा सांगितल्या. त्यांना 'किती' लिहायचं होतं. त्यांनी पहिल्यांदा वेलांटी मारली. पडद्यावर ठिपक्यांचं एक वर्तुळ आलं आणि त्याच्या अलीकडे वेलांटी. मग 'क' मारला, तो वर्तुळाच्या पुढे कोरडाच उभा राहिला.

"सर, आधी क. वेलांटी नंतर."

"अगं, वेलांटी डावीकडे असते ना? मग ती आधी यायला नको?"

त्यांचंही बरोबर होतं. टाइपरायटरची गाडी एकाच दिशेने जाते. कागदावर जे डावीकडे, ते आधी मारायला हवं. अर्धा 'ख' मारून पुढे काना जोडला की पूर्ण 'ख', असंही तिथे चालायचं. टाइपरायटर अक्षराचा आकार जुळवतो, इन्स्क्रिप्ट उच्चाराच्या क्रमाने जातो. सरांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा बोट वेलांटीवर आधी गेलं. चाळीस-पन्नास वर्षांची सवय. मग त्यांनी कळांकडे पाहायचं सोडून डावा अंगठा शिफ्टवर टिचकी मारत बसवला. "हे मात्र झकास आहे," म्हणाले. "आमच्या वेळी शिफ्ट दाबायची म्हणजे दांड्यांची अख्खी टोपली उचलायची करंगळीने. पोरी रडायच्या."

म, न आणि व यांना मी हात लावलेला नाही. कारण माझी भाची. ती लिपिक-टंकलेखक पदाची तयारी करते आहे. मराठी तीस शब्द, इंग्रजी चाळीस शब्द, मिनिटाला. सुट्टीला आली की माझ्याच संगणकावर बसते, स्वतःचा कीबोर्ड जोडते आणि माझा बाजूला सरकवते. मराठीची अक्षरं मी हलवली असती तर तिला या घरात सराव करता आला नसता, आणि मलाही दुसऱ्या कुणाच्या टेबलावर चार ओळी लिहिता आल्या नसत्या. इंग्रजीचं तसं नाही. इंग्रजी दुसरीकडे लिहायची वेळ आली तर क्वर्टीवर बघून बघून लिहिते, बिघडत काही नाही.

ती मात्र सारखी माझ्या कोऱ्या टोप्यांकडे बघत असते. "मावशी, 'न' उजवीकडे का घेत नाहीस? जागचा हलवू नकोस, नुसता आणखी एक दे अंगठ्याला." हे मला सुचलं नव्हतं. डावीकडचा 'न' तसाच राहील आणि 'नवीन'सारख्या शब्दाला उजवा अंगठा मदतीला येईल. एकच अक्षर दोन कळांवर. हात ठरवेल कुठला वापरायचा ते. अडचण एवढीच की उजव्या अंगठ्याच्या तीन कळांपैकी आता एकच मोकळी आहे, आणि तिथे मला 'ॲ' हवा आहे. भाची म्हणते, मराठीत 'ॲ' येतो किती, आणि 'न' येतो किती, मोजून बघ. कारखान्याचा मागच्या वर्षीचा अहवाल फाइलीत आहेच, त्याच्यावर मोजायला घेतलं आहे.